बिळातली कणगी

नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरल्याचं पत्र परवा नैरोबीहून आलं. आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून झाला आणि त्याची एक प्रत तुमच्याकडेही पोचली, हे त्यावरून कळलं. त्यानं विचारलं आहे, पणजोबांनी भातचोरांची टोळी पकडून साहेबापुढे उभी केली हे खरं का, आणि त्यांच्याजवळ बंदूक होती का.

बंदूक नव्हती. टोळी नव्हती. चोरीही झालेली नव्हती. एक माणूस होता, त्याच्या हातात पहार होती आणि बांधात उंदीर होते. कुलवृत्तांत लिहिणाऱ्या तुमच्या चुलत आजोबांनी त्या सगळ्याचं एक वाक्य केलं आहे: 'त्यांनी आसपासच्या कातकऱ्यांच्या भातचोरीस कायमचा पायबंद घातला.' मी ते तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. लिहिणारा त्या वेळी जन्मलाही नव्हता. मी होते. आणि ज्या कागदाच्या जोरावर तो पायबंद घातला गेला, तो कागद माझ्या हातचा आहे. त्या दिवशी अंगणात जी माणसं होती त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. पुस्तक बांधणी करून आलं आहे, ते शंभर वर्षं टिकेल. मी टिकणार नाही. म्हणून आजच बसले.

इंग्रजी तुम्हाला सोपं जातं हे मला ठाऊक आहे, तरी मुद्दाम मराठीत लिहिते. या प्रकरणाबद्दल मी इंग्रजीत पूर्वी लिहून चुकले आहे. अडेल तिथं आईकडून वाचून घ्या, आणि वाचून झालं की हे कागद कुलवृत्तांताच्या त्याच पानात घालून ठेवा.

सोळाव्या वर्षी मी पुण्याहून भिसेगावात सून म्हणून आले. गेल्या शतकाची शेवटची वर्षं होती. पुण्यात प्लेगची साथ होती, आमची शाळा बंद पडायची, पुन्हा उघडायची, पुन्हा बंद पडायची. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं दाराला कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जात. उंदीर हा शब्द ऐकला तरी मी पाय वर घेऊन बसे.

शाळेत मात्र आम्हाला वेगळंच शिकवत. इंग्रजी वाचनमालेत मोल नावाच्या प्राण्यावर एक धडा होता. हा विलायतेत जमिनीखाली राहणारा मुठीएवढा प्राणी. त्याच्या बिळाची आकृती पुस्तकात होती: इथं झोपायची जागा, इथं अन्न साठवायची, इथून पळून जायची वाट. ती आकृती मी न बघता पाटीवर काढत असे आणि त्याबद्दल आमच्या गोऱ्या बाईंनी मला शाबासकी दिली होती. मी जन्मात मोल पाहिलेला नव्हता. बाईंच्याही तो पाहण्यात आला असेल की नाही, मला शंका आहे.

भिसेगावच्या घराच्या मागल्या दारापासून वीस पावलांवर आमची भातखाचरं सुरू होत. भात कापून झालेलं होतं. बांधाच्या कुशीला ठिकठिकाणी ओल्या मातीचे छोटे ढीग दिसायचे, कुणीतरी मूठमूठ माती आतून बाहेर लोटल्यासारखे. आमच्या मागल्या दारी चार-आठ दिवसांनी एक कातकरीण मोळी घेऊन यायची. माझ्या आईएवढी असेल. मी तिला विचारलं, हे ढीग कोण करतं. तिनं डोक्यावरची मोळी उतरवली आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"वैनीबाय, तुमी बुकं वाचता म्हनं."

मी हो म्हटलं.

"आन् उंदीर नाय वळखत?"

आत सासूबाई हसल्या. त्या घरात आल्यापासून त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या बाईनं मला बांध शिकवला. तो कुठल्याही वाचनमालेत नव्हता, म्हणून इथं लिहून ठेवते. पावसाळ्यात खाचरं पाण्यानं भरली की कोरडा राहतो फक्त बांध. उंदराचं सगळं जग तेव्हा दीड हात रुंद असतं. तिथंच तो बीळ करतो, पाणी वर चढलं तर बीळही वर सरकवतो, आणि गरज पडली तर पोहून दुसऱ्या बांधाला जातो. हा घरातला उंदीर नव्हे. हा बोथट नाकाचा, खरखरीत केसांचा, आखूड शेपटीचा. कोंडला तर पळायच्या आधी फिस्कारतो. भात दाण्यावर आलं की त्याची धांदल सुरू होते. तो भाताची काडी दातांनी तिरकी तोडतो, लोंबी तोंडात धरतो आणि बिळात नेतो. आत एक खोली पिल्लांची, तिच्यात पेंढ्याचा भुगा. एक खोली नुसत्या लोंब्यांची. बिळाची तोंडं तो आतून मातीनं बंद करतो, आणि एका तोंडावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा ठेवतो. सापाची चाहूल लागली की डोकं मारून तिथून बाहेर.

लोंब्यांच्या त्या खोलीला तिचे लोक कणगी म्हणत. तुम्ही कणगी पाहिलेली नाही. बांबूच्या कामट्यांची पुरुषभर उंच पेटारी विणतात, शेणमातीनं आतून-बाहेरून सारवतात आणि वर्षाचं भात तिच्यात भरून ठेवतात. आमच्या कोठीच्या खोलीत अशा दोन होत्या. माणसाची कणगी आणि उंदराची कणगी. तिच्या बोलण्यात दोन्हींना एकच शब्द होता आणि त्यात तिला काही अडचण वाटत नव्हती.

खणायचं काम तिचा नवरा करी. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पहारीच्या बोथट टोकानं तो बांध ठोकत जाई आणि आवाज ऐके. मग सगळी तोंडं दगडांनी बुजवायची, एकाशी ओल्या पाल्याचा धूर करायचा, आणि उंदीर कुठल्या बाजूला पळतो त्या अंदाजानं खणायचं. मी पहिल्यांदा कणगी उघडलेली पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. लोंब्या सगळ्या एका दिशेनं रचलेल्या, देठ एकीकडे, दाणे एकीकडे. आमच्या सासूबाईंचं फडताळ इतकं नीट नव्हतं.

उंदीर आणि भात तो घेऊन जाई. पण त्याआधी खणलेली जागा ओल्या मातीनं भरून टाचेनं तुडवून घट्ट करी. त्यानं तुडवलेला बांध पुढल्या पावसात गळत नसे. हा त्यांचा आणि आमचा कधीपासूनचा व्यवहार होता. लिहिलेला कुठंच नव्हता. धाकटीनं थोरल्याच्या पत्राखाली लिहिलं आहे की ते लोक उंदीर खातात, शी. खातात. आमचंच भात खाऊन वाढलेला उंदीर खातात. तू डब्यातला मासा खातेस, तो काय खाऊन वाढला ते तुला माहीत आहे का?

एक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगते. प्रत्येक बांधावर तो एक बीळ तसंच ठेवी. मी कारण विचारलं तर म्हणाला, एक घर राखायचं, नायतर पुडल्या साली आमी काय खायाचं. आणि मग आमच्या घराकडे बघून हळूच हसला.

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी पाऊस भाद्रपदातच तुटला. भात पोचट झालं. झोडून, वारवून घरात आलं तेव्हा एक कणगी भरली आणि दुसरी निम्मी. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे मामंजी, रोज सकाळी कोठीत जाऊन भरल्या कणगीत हात घालून बघत. मार्गशीर्षात एका सकाळी त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि भाताला लागला नाही.

ते दुष्ट नव्हते, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. त्या दिवशी ते दुष्टपणे वागले. कोठीला कडी होती, कुलूप होतं, किल्ली त्यांच्या जानव्याला होती. तरी त्यांना पहिला आठवला तो बांधावरून टोपली घेऊन जाणारा माणूस.

ती टोपली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाहिली होती. नवरा-बायको दोघं मागल्या दारी पाणी प्यायला थांबली होती. वरचा पाला बाजूला करून तिनं मला दाखवलं होतं. आज तीन कणग्या लागल्या, असं म्हणाली. आत लोंब्या होत्या. प्रत्येकीचं देठ तीन बोटं लांब आणि टोकाला तिरकं कातरलेलं. सुटं भात एक दाणा नव्हतं. कुणाच्या कोठीतून चोरलेलं भात लोंबीत नसतं, ते झोडलेलं असतं. हे सहा वर्षांच्या पोरालाही कळेल. पण ती संध्याकाळी कातकऱ्यांच्या वाडीवर गेली आणि तिनं त्या लोंब्या पायानं मळल्या, कारण रात्रीचं जेवण करायचं होतं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी धाडलेला पाटील वाडीवर पोचला तेव्हा सुपात सुटं भात होतं.

तिसऱ्या प्रहरी त्या माणसाला आमच्या अंगणात आणलं. गोरा साहेब थंडीतल्या फिरतीवर होता आणि चौक गावाला तंबू ठोकून बसला होता. खटले तो तिथंच चालवी. मामंजींना त्याच्याकडे इंग्रजी कागद पाठवायचा होता. गावात दुसऱ्या कुणाच्या घरात इंग्रजी लिहिणारं माणूस नव्हतं, आणि मामंजींच्या घरात सून होती. मला दाराआड पाट मांडून, दौत-टाक देऊन बसवलं. बाहेर जे बोललं जाईल ते इंग्रजीत उतरवायचं.

मामंजींनी विचारलं, "कणगी फोडलीस का?"

"फोडली की."

"किती?"

"तीन."

पाटलानं मान डोलावली. आमच्या कोठीत कणग्या दोनच होत्या. हे मामंजींना माहीत होतं, पाटलाला माहीत होतं, अंगणात जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. 

"आणि भात?"

"काडलं. घरी नेलं."

"कुणाला विचारून नेलंस?"

तो खरोखरच गोंधळला. इतका वेळ त्याला वाटत असावं की नेहमीचंच काहीतरी चाललं आहे, बांध कुठं नीट तुडवला नसेल. त्यानं पाटलाकडे पाहिलं, मग मामंजींकडे. "कुनाला इचारायचं, मालक? उंदराला?"

कुंपणापाशी कुणीतरी हसलं. तेवढं हसू पुरलं. मामंजींना वाटलं, ह्यानं चारचौघांत आपल्याला उंदीर म्हटलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. मी त्यांच्या घरात पुढे अठरा वर्षं काढली; आवाज खाली गेला की निकाल झालेला असे.

मी सासूबाईंना कुजबुजून सांगितलं, तो बिळातल्या कणगीबद्दल बोलतो आहे, टोपली मी पाहिली, आत लोंब्या होत्या. सासूबाईंनी ते दारातून मामंजींना सांगितलं. मी दोन हातांवर होते, पण ते माझ्याशी कधी थेट बोलत नसत. सासूबाईंनाच म्हणाले, "तिला म्हणावं, सांगितलं तेवढं लिही. वकिली नको."

मी लिहिलं. आरोपीनं धान्याची तीन कोठारं फोडून आतलं भात नेल्याचं साक्षीदारांसमक्ष कबूल केलं आहे. इंग्रजीत ते वाक्य फार सुबक उतरलं. शाळेत बाईंनी त्याला शाबासकी दिली असती. कोठार हा शब्द लिहिताना माझा टाक थांबला, असं तुम्हाला सांगावंसं वाटतं. थांबला नाही. मला कळत होतं, आणि मी लिहिलं. ज्या रागानं मी हे लिहायला बसले आहे तो एकट्या तुमच्या चुलत आजोबांवरचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठीत गेले तर सासूबाई भरल्या कणगीच्या मागे जमीन सारवत होत्या. सारवायचा दिवस नव्हता. कोपऱ्यात भिंतीलगत ताज्या मातीचा ढीग होता, बांधावरच्यासारखाच, पण त्याच्या चौपट. घूस आली होती. घूस म्हणजे बांधातल्या उंदराची थोरली बहीण. भिंतीचा पाया पोखरून ती खालून आली होती आणि तिनं कणगीचा तळ कुरतडून भात खाली ओढून नेलं होतं. सासूबाईंनी त्या भोकात दगड ठोकले होते आणि वरून शेणाचा हात फिरवत होत्या.

मी म्हटलं, हे मामंजींना दाखवायला हवं.

"त्यांनी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "आता काय, आमच्या घरात घूस आहे म्हणून साहेबाला लिहिणार आहेस?"

त्यांनी सारवण पुरं केलं, हात धुतले आणि ताक घुसळायला बसल्या. मी ती ओली जमीन पाहत उभी राहिले. पुरावा इतका स्वच्छ पुसलेला मी पुढे कधी पाहिला नाही.

दुपारी ती कातकरीण आली. मोळी नव्हती. एरवी मला तुमी म्हणायची.

"काय लिवलंस ते वाच."

कागद गेला होता, पण मला पाठ होता. मी मराठीत सांगितला. तिनं सगळा ऐकून घेतला. कोठार म्हणजे काय, असं तिनं विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं.

"मंग आता दुसरं लिव."

मी लिहिलं. मागल्या पडवीत, वैरणीच्या आड बसून, ती पुढे उभी असताना. लोंब्या लिहिल्या, तिरकं कातरलेलं देठ लिहिलं, कणगी हा शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत ठेवून त्याचे दोन्ही अर्थ लिहिले. आमच्या घरात कणग्या दोनच आहेत हे लिहिलं आणि घुशीचं भोकही लिहिलं. खाली सही केली. तिनं तो कागद पळसाच्या पानात गुंडाळला, पदराला बांधला आणि चार कोस चालून चौकला गेली. मला वाटलं, झालं. मी शिकलेली होते ना; खरं काय ते स्वच्छ इंग्रजीत लिहून योग्य माणसाच्या हाती पोचवलं की काम होतं, असं मला शिकवलेलं होतं.

चौकला काय झालं ते पाटलानं परतल्यावर आमच्या ओटीवर बसून चवीनं सांगितलं. साहेबाच्या कारकुनानं त्या माणसाला विचारलं, कणगी फोडलीस का. तो म्हणाला, फोडली. तो खोटं कशाला बोलेल? मग साहेबानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. अक्षर एकच होतं. साहेब हसला म्हणे. म्हणाला, या मुलीचं अक्षर सुरेख आहे, पण ती कोणत्या कागदात खरं बोलते आहे? घरच्या कर्त्याला चोरून सुनेनं लिहिलेला कागद मी विचारात घेऊ शकत नाही. मला बोलावून विचारावं, लोंबी कशी दिसते ते पाहावं, कोठीत माणूस पाठवून कणग्या मोजाव्यात, यातलं काही त्याच्या मनात आलं नाही. तीन महिने, ठाण्याचा तुरुंग. माझा कागद त्यानं पाकिटात घालून मामंजींना परत पाठवला. ही त्याची सभ्यता.

मामंजींनी ते पाकीट जेवताना, वाढायला आलेल्या सासूबाईंपुढे ठेवलं. म्हणाले, हिची पुस्तकं माळ्यावर टाका. टाकली. तुमचे आजोबा तेव्हा मुंबईला नोकरीत होते. त्यांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, बाबांना दुखवायला नको होतंस. ते पत्र मी चुलीत घातलं. मी तुमच्या आजोबांवर प्रेम केलं, हे तुम्हाला माहीत आहे. ते पत्र मात्र चुलीत घातलं.

ते तीन महिने बांध खणायचे होते. लोंब्या बिळात असतात त्याच दिवसांत कातकऱ्याच्या घरात दाणा येतो. खणणारा ठाण्याला होता. ती पोरांना घेऊन खालापूरच्या बाजूला रानात कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेली. मागल्या दारी मोळी घेऊन दुसरी कुणीतरी येऊ लागली. ती माझ्याशी बोलत नसे.

मामंजींनी हुकूम काढला, आमच्या बांधाला कुणी पहार लावायची नाही. हाच तो कायमचा पायबंद. त्याचं पुढे काय झालं ते कुलवृत्तांतात नाही, म्हणून ऐका. उंदरांना कुणी अडवायला उरलं नाही. भाताच्या मागून पेरलेल्या वालाचं बी त्यांनी पेरल्याच्या रात्रीच उकरून खाल्लं. पावसाळा आला तेव्हा बांध चाळणीसारखे झाले होते. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं शेजाऱ्याच्या शेतात. श्रावणात आमची लावणी कोरडी पडली आणि शेजाऱ्याचं भात आमच्या पाण्यावर हिरवंगार. मामंजींनी मुंबईहून पिंजरे आणवले. उंदरांनी त्यांच्याशेजारी नवीन बिळं केली. विषाच्या गोळ्या आणवल्या. त्या आमच्या कुत्र्यानं खाल्ल्या. कापणीच्या वेळी खाचराच्या मधोमध भात असं कातरलेलं होतं की बांधावरून पाहिलं तर टक्कल पडल्यासारखं दिसे.

तेव्हा मामंजींनी पाटलाला वाडीवर पाठवलं. निरोप असा, की झालं गेलं, येऊन खणा.

दोघं आली. तो तुरुंगातून खोकला घेऊन आला होता आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला. ती अंगणात आली. मी दाराआड होते, ह्या वेळी दौत-टाकाशिवाय.

ती म्हणाली, "मालक, बिळातली कणगी कुनाची, ते आदी लिवून द्या. मंग खनू."

मामंजी म्हणाले, "लिहून? तुम्हाला वाचता येतं का?"

"आमाला नाय येत. सायबाला येतं."

अंगणात कुणी हसलं नाही. मामंजी उठून आत गेले. ती थोडा वेळ थांबली, मग नवऱ्याला हाक मारून निघाली. एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहिणारी बाई भिंतीपलीकडे बसली होती, तिला मराठी येत होतं, इंग्रजी येत होतं, आणि ती उठली नाही. त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागितलेली नाही, कारण क्षमा करणं ज्याच्या हाती होतं तो पुढल्याच पावसाळ्यात दम्यानं गेला.

मामंजी वारल्यावर घराचा कारभार माझ्याकडे आला. मी पहिल्या आठवड्यात ती ओळ लिहिली. आमच्या बांधांतल्या बिळांत जे भात सापडेल ते खणणाऱ्याचं, त्यावर आमचा कोणताही हक्क नाही. खाली तुमच्या आजोबांची सही घेतली, माझी केली आणि स्वतः वाडीवर गेले. ती म्हातारी झाली होती, दाराशी बसून टोपली विणत होती. कागद तिनं हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"सायेब हाय का अजून तितं, चौकला?"

मी म्हटलं, तो केव्हाच गेला.

"मंग कुनाला दावू?" असं म्हणून तिनं तो मला परत दिला आणि पुन्हा टोपली हातात घेतली. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. 

वाडी अजून आहे. आज तिथं चौदा घरं आहेत आणि त्यांतल्या तीन घरांत तिची माणसं राहतात. भात कापून झालं की ती पहारी घेऊन उतरतात आणि भिसेगावातल्या प्रत्येकाच्या बांधावर खणतात. आमच्या बांधावर खणत नाहीत.